नीलकंठ आणि ‘ब्लू-आइड’

एखाद्या कार्यालयाने वरिष्ठांना इंग्रजीत कळविले, की आमचे कार्यालय सध्या ‘शॉर्ट-हँडेड’ आहे. आणि मराठी टिप्पणी लिहिणाऱ्याने घाईत त्याचा संबंध लघुलेखनाशी जोडला, तर ते पत्र लघुलेखकांची मागणी म्हणून भलत्याच टेबलावर जाऊन पडेल. मूळ मजकुराचा अर्थ एवढाच, की कर्मचारी अपुरे आहेत. येथे ‘हँड’ म्हणजे काम करणारा माणूस. ‘कामाला आणखी चार हात हवेत’ असे आपणही म्हणतोच.

अवयवांच्या नावांवरून साधलेली अशी जोडविशेषणे इंग्रजीत विपुल आहेत. त्यांची घडण आपल्याला परकी नाही. ‘नीलकंठ’ म्हणजे निळा आहे कंठ ज्याचा तो. तसेच ‘ब्लू-आइड’ म्हणजे निळे आहेत डोळे ज्याचे असा. दोन्ही पदे मिळून तिसऱ्याच कोणाचा तरी निर्देश करतात. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी अशा समासांना संस्कृत व्याकरणातील ‘बहुव्रीहि’ हेच नाव जसेच्या तसे घेतले आहे. विद्यार्थ्यांना चकवितो तो शेवटचा ‘एड’. तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे. ‘मोठ्या मनाचा’ या शब्दांतील ‘चा’ जे काम करतो, तेच तो येथे करतो. आणखी एक बारकावा असा, की पाय चार असले तरी विशेषण ‘फोर-लेग्ड’ असेच होते. त्यातील ‘लेग’ एकवचनीच राहतो.

खरी अडचण लाक्षणिक अर्थाची. ‘हाय-हँडेड’ म्हणजे हात उंचावलेला नव्हे, तर अधिकाराच्या जोरावर मनमानी करणारा. ‘ईव्हन-हँडेड’ म्हणजे निःपक्षपाती. ‘लाइट-फिंगर्ड’ हा शब्द तर विशेष जपून हाताळावा. मराठीत ‘हलक्या हाताने’ म्हटले की नाजूकपणा सुचतो; इंग्रजीत हलक्या बोटांचा माणूस हा हमखास चोरटा! ‘हॉट-हेडेड’ आणि आपला गरम डोक्याचा माणूस यांचे मात्र चांगले जुळते.

‘कोल्ड-ब्लडेड’ या शब्दाला दोन घरे आहेत. प्राणिशास्त्रात बेडूक, साप हे शीतरक्ती प्राणी. तेथे अर्थ शब्दशः आहे. परंतु हाच शब्द खुनाच्या वर्णनात आला, की मराठीत थंडपणा रक्तातून डोक्यात जातो आणि ‘थंड डोक्याने केलेला खून’ असे आपण लिहितो. ‘थंड रक्ताचा खून’ असे भाषांतर कोणी केल्यास ते कोणाला कळावे?

काही शब्दांमागे जुन्या समजुती आहेत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये भित्र्या माणसाला ‘लिली-लिव्हर्ड’ म्हटले आहे. धैर्याचे स्थान यकृतात असते आणि भित्र्याच्या यकृतात रक्त नसल्याने ते पांढरे पडते, अशी त्या काळची समजूत होती. ‘रेड-हँडेड’ हा शब्द स्कॉटलंडच्या जुन्या कायदेविषयक भाषेतून आला. हाताला रक्त लागलेले असतानाच पकडला गेलेला, हा त्याचा मूळ अर्थ. १८१९ मधील वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतही तो आढळतो. आपल्याकडे लाचखोर ‘रंगेहाथ’ पकडला जातो, आणि कधीकधी तो शब्दशः! सापळ्यातील नोटांना फिनॉल्फथॅलीनची पूड लावलेली असेल, तर त्या हाताळणाऱ्याची बोटे सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविताच ते द्रावण गुलाबी होते.

उलट दिशेनेही हीच कसरत करावी लागते. आपला ‘हलक्या कानाचा’ साहेब इंग्रजीत न्यायचा, तर ‘लाइट-इअर्ड’ असे म्हणून भागत नाही. कोणी काही सांगावे आणि त्याने ते लगेच खरे मानावे, हे सारे तेथे सविस्तर सांगावे लागते.