'डोरा' लिहिलं की 'दोरा' का येतं?

आमच्या चिखल्यात, म्हणजे तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणीच्या गावात, डोळ्याला 'डोरा' म्हणतात आणि पाण्याला 'पानी'. ही झाडीबोली. हिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. 'ळ'च्या जागी बहुतेकदा 'र' येतो. आता घरच्या ग्रुपवर 'डोरा दुखते' असं टाकायचंय. इंग्रजी अक्षरांत डी-ओ-आर-ए टाईप केलं, की माझ्या स्क्रीनवर येतं 'दोरा'. 'कारा' लिहायला गेलो, की 'करा'.

कीबोर्ड मुद्दाम काही करत नाही. इंग्रजी 'डी' म्हणजे 'द' की 'ड', हे त्याला ठरवायचं असतं. तो शक्य तेवढे शब्द मांडतो आणि ज्या मजकुरावर तो शिकलाय त्यात जो शब्द जास्त वेळा आलाय, तो पुढे करतो. हा मजकूर म्हणजे मुख्यतः बातम्या, वेबसाइट, विकिपीडिया. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी झाडीबोलीवर आयुष्यभर काम केलं, पण ही बोली मुळात बोलण्यातली, दंडारीतली. इंटरनेटवर ती चिमूटभरच. म्हणून 'दोरा' जिंकतो.

गंमत म्हणजे, नुसत्या इंग्रजी अक्षरांत बोली सुरक्षित होती! त्या सवयीचं एक कारण जुन्या एसएमएसमध्ये आहे: इंग्रजीत एका मेसेजला 160 अक्षरं मिळायची, देवनागरीत फक्त 70. मग सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले. तिथे 'पाणी' आणि 'पानी' एकसारखंच दिसायचं, वाचणारा आपापल्या तोंडाने वाचायचा. देवनागरी सोपी झाली आणि 'न' की 'ण' हे फोन ठरवू लागला.

बोलून टाईप करतानाही तेच. तुम्ही 'पानी' म्हणा, मराठीत ते 'पाणी' होऊन येऊ शकतं. भाषा हिंदी ठेवली तर मात्र 'पानी' बरोबर! मध्य प्रदेशची सीमा एवढी जवळ असताना हिंदी कीबोर्डच लावून टाकावा, असा मोह कुणालाही होईल. पण मग डोळा या अर्थाने 'डोरा' तिथेही परकाच.

मला खरी काळजी स्पेलिंगची नाहीये. पोरगं दहादा 'डोरा' लिहितं, दहादा फोन बदलतो, अकराव्यांदा ते आपणहून 'डोळा' लिहितं. वर त्याला वाटतं, आजी चुकीचं बोलते.

उपाय आहे, छोटासाच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी उघडा, मराठी निवडा आणि 'डोरा', 'कारा', 'कोन' हे शब्द टाका. नावं फोननुसार थोडी बदलतील. ऑटो-करेक्शन बंद केलं की फोन लिहिलेला शब्द परस्पर बदलत नाही. मराठी अक्षरांचा थेट कीबोर्ड लावला तर अंदाजाचा खेळ बराच कमी होतो. मी तोच वापरतो, दोन-चार दिवस बोटं अडखळतात एवढंच.

पण ही यादी तुमच्यापुरतीच राहते, शेजाऱ्याच्या फोनला तिचा पत्ता नसतो. सगळ्यांसाठी काही करायचं तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे. तिथे वाक्य वाचून आवाज देता येतो आणि तो डेटा कुणालाही फुकट वापरता येतो. वाक्यं पुस्तकी असतात, हे खरं. दुसऱ्यांचे आवाज ऐकून 'बरोबर' किंवा 'चूक' असं मतही द्यायचं असतं. तिथे कुणी 'पाणी'ला 'पानी' वाचलेलं ऐकलंत, तर लगेच 'चूक' दाबू नका; तो आपल्याकडचाच माणूस असेल.