काठीच्या होळीतील बासरी

नंदुरबार जिल्ह्यात काठीच्या राजवाडी होळीत ढोलाच्या साथीला बासरी घुमते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती दोन्ही टोकांना उघडी नळी; फुंकण्याचे छिद्र हेच तिचे एक टोक. फुंकरीने उठलेल्या ध्वनिलहरी टोकांवरून परततात, एकमेकींत मिसळतात आणि नळीत स्थिर तरंग निर्माण होतो. टोकांशी हवा सर्वाधिक हलते, मध्यभागी निश्चल राहते. साहजिकच तरंगलांबी नळीच्या दुप्पट भरते. जोराने फुंकल्यास वारंवारता दुप्पट होऊन वरच्या सप्तकातील स्वर निघतो.

सर्व बोटे मिटलेली असता ५० सेंटिमीटरच्या नळीतून २० अंश सेल्सिअसला ३४३ हर्ट्झचा स्वर यावा. हे झाले कागदावर! प्रत्यक्षात तरंग टोकांच्या किंचित बाहेर डोकावतो आणि स्वर उतरतो. म्हणून बांबू गणिताहून थोडा आखूड कापावा लागतो. अधिक कापला गेला, तर मात्र ती नळी त्या स्वराला मुकली.