बोलघुमटाचा सज्जा

विजापूरच्या गोलघुमटात गेलेला माणूस अरुंद जिने चढून वरच्या सज्जात पोचतो, टाळी वाजवतो, प्रतिध्वनी मोजतो आणि उतरतो. मराठीत या वास्तूचे नावही बोलघुमट असेच पडले. (पहिल्या भेटीत मीही टाळ्याच वाजवल्या.) पण तो सज्जा तिथे आला कसा?

महंमद आदिलशहाच्या (मृत्यू १६५६) या मकबऱ्याचे दालन आतून चौरस आहे. बाजू सुमारे १३५ फूट. त्यावर गोल घुमट बसवायचा, म्हणून एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उचलल्या. कमानींमधले बांधकाम वर जाताना आत झुकत जाते आणि शेवटी सुमारे ९७ फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे राहते. घुमटाचा आतला व्यास मात्र १२४ फुटांच्या आसपास. म्हणजे घुमट वर्तुळाच्या कडेवर उभाच नाही. तो चहूबाजूंनी मागे सरलेला आहे. एवढा अजस्र घुमट खालच्या भिंतींना बाहेर रेटणार. आत झुकलेल्या बांधकामाचे वजन त्या रेट्याला उलट खेचते. कड आणि घुमट यांच्यामध्ये उरलेली जागा, तोच हा सज्जा.

उतरल्यावर दालनाच्या कोपऱ्यात उभे राहून वर पाहावे. कमानी एकमेकींना कुठे छेदतात, ते तिथून स्वच्छ दिसते.