मुशीच्या झाकणाखाली

पुस्तकात हा प्रयोग चार ओळींचा. मॅग्नेशियमची फीत तोला, मुशीत ठेवून जाळा, परत तोला. वाढलेलं वजन ऑक्सिजनचं. दोन्ही वजनांना आपापल्या अणुभाराने, 24 आणि 16 ने भागलं की एम्पिरिकल फॉर्म्युला हाती येतो: मॅग्नेशियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचा एक.

बर्नरसमोर उभं राहिलं की मात्र सगळा जीव झाकणात असतो. उचललं नाही तर आत हवा जात नाही, फीत अर्धीच जळते. जास्त उचललं तर पांढरा धूर निसटतो, आणि तो धूर म्हणजेच आपलं ऑक्साइड. आमच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबमधले मामा मुलांच्या मागून फिरत एवढंच सांगायचे, "केसभर उचल, तीन आकडे मोज, ठेव खाली." मीही ते त्यांच्याकडूनच शिकलो.

उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, हीच या प्रयोगाची अडचण. 0.240 ग्रॅम फितीला 0.400 ग्रॅम राख यायला हवी, हे उलट्या गणिताने काढून मुलं जर्नलमध्ये सरळ लिहून टाकतात. एका वर्षी एका मुलीने 0.383 लिहिलं. प्रमाण आलं 1 ला 0.89. टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, धूर तर मी जाऊ दिला नाही. मग ऑक्सिजन कमी का?"

हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या जवळजवळ चौपट. तापलेलं मॅग्नेशियम थोडं त्याच्याशीही जोडलं जातं, आणि ते नायट्राइड ऑक्साइडपेक्षा हलकं भरतं. मूस निवल्यावर तिला पाण्याचे चार थेंब टाकायला लावले. वर धरलेला ओला लाल लिटमस कडेने निळा होत गेला, पाठोपाठ अमोनियाचा झणका. पुन्हा तापवलं, निववलं, तोललं; परत तेच. लागोपाठ दोनदा 0.396 आलं तेव्हा थांबलो. प्रमाण 1 ला 0.975.

1825 मध्ये मायकेल फॅरडेने बेंझिनची वाफ तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून नेऊन त्यातला कार्बन आणि हायड्रोजन मोजला. वजनी प्रमाण जवळपास 12 ला 1, बरोबर. पण तेव्हा तो कार्बनचा भार 6 धरत होता, म्हणून सूत्र निघालं दोन कार्बन, एक हायड्रोजन. पुढे भार 12 ठरला आणि त्याच मोजमापातून एकास एक मिळालं. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो.

त्या मुलीने 0.383 खोडायला पेन उचललं होतं. "राहू दे गं," म्हटलं. तिच्या जर्नलात दोन्ही आकडे एकाखाली एक आहेत, आणि शेजारी डिंकाने चिकटवलेली लिटमसची पट्टी.