शंभर आया, दोनशे दहा मुलं

२०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख बायकांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. हा उतारवयातला आजार, असं आपण धरून चालतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. यातल्या ७१ टक्के जणी पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या होत्या. पण उरलेल्या २९ टक्के म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त. वर्षाची मिनिटं भरतात सव्वापाच लाख. म्हणजे दर मिनिटाला एकीहून अधिक, रात्रंदिवस, वर्षभर.

मृत्यूंमध्ये या तरुण बायकांचा वाटा एक पंचमांश, साधारण १ लाख ४० हजार. हा आकडा मला अपुरा वाटतो. पस्तिशीत गेलेली आणि पंचाहत्तरीत गेलेली, तक्त्यात दोघी एकेकच. पहिलीची न जगलेली चाळीस वर्षं आणि तिच्यामागे राहिलेली मुलं त्या रकान्यात येतच नाहीत.

ती मुलं अखेर मोजली गेली. नामिबिया, नायजेरिया, युगांडा आणि झांबियातल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं, की पन्नाशीच्या आत या आजाराने गेलेल्या दर १०० बायकांमागे २१० मुलांची आई गेली. पुढे फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने साऱ्या जगाचा हिशेब मांडला. २०२० मध्ये कुठल्याही कर्करोगाने आई गमावलेली मुलं दहा लाखांहून जास्त, त्यातली निम्मी आशियातली. एकट्या स्तनाच्या कर्करोगाची २ लाख ५८ हजार. रोजची सातशे. चाळीस मुलांचा वर्ग धरला, तर वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास वर्ग.

हे मरण सगळीकडे सारखं नाही. सधन देशांत आयुष्यभरात १२ जणींत एकीला हा आजार होतो आणि ७१ जणींत एक दगावते. गरीब देशांत २७ जणींत एकीला होतो, दगावते मात्र ४८ जणींत एक. आजार निम्म्याहून कमी, मरण दीडपट. निदान उशिरा होतं आणि उपचार अर्धवट सुटतात, म्हणून. तरुण बाईच्या बाबतीत तर घरचेच म्हणतात, ‘या वयात कुठला कॅन्सर, दुधाची गाठ असेल.’ त्यात तरुण स्तनांची घडण दाट असल्याने मॅमोग्राफीतही गाठ लपू शकते.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने तपासणी केली. त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. म्हणून तरुणीने गाठ लागताच सोनोग्राफी आणि बायोप्सीपर्यंत पोचायला हवं. डॉक्टरांना दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे.

वेळेत उपचार झाले, तर काय शक्य आहे तेही मोजलं गेलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ रुग्णांनी मूल व्हावं म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या काही काळ थांबवल्या. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्या न थांबवणाऱ्यांइतकंच राहिलं. तीनशेहून अधिक जणी आई झाल्या. पुढची वर्षं कशी जातात, यावर डॉक्टरांचं लक्ष आहेच.