विस्मृतीवर विजेचा उतारा?

घरातील वडीलधारे माणूस एकच गोष्ट चारचारदा विचारू लागले, की ‘वय झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. ते गप्प गप्प राहू लागले, तरी कारण तेच! टोरांटो येथील एक संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. या दोन लक्षणांतील नाते त्याने पुढे आणले असल्यामुळे त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या प्रयोगात ३७५ वृद्धांनी भाग घेतला. काहींची स्मृती मंदावू लागली होती, काही जण पूर्वी नैराश्याच्या विकारातून बरे झाले होते, तर काहींच्या वाट्याला दोन्ही आले होते. एका गटाच्या मस्तकावर पट्ट्या लावून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडण्यात आला आणि त्याच्या जोडीने स्मरणाचे व विचारशक्तीचे पाठ करवून घेण्यात आले. (मनोरुग्णांना देतात ते विजेचे झटके हे नव्हेत.) आठवड्यातून पाच दिवस, असे आठ आठवडे; पुढे दर सहा महिन्यांनी पाच दिवसांची उजळणी. दुसऱ्या गटापुढे उपचाराचा केवळ देखावा झाला. काही वर्षांनी पाहता, खरा उपचार मिळालेल्यांची बौद्धिक घसरण मंदावली होती. थांबली नव्हे, मंदावली. हा लाभही मुख्यत्वे पूर्वी नैराश्य भोगलेल्यांच्याच पदरी पडला.

नुसते पाठ पुरेसे आहेत काय? अमेरिकेत २,८०२ वृद्धांवर झालेल्या प्रयोगात स्मरणाच्या पाठांचा लाभ दहा वर्षांनी उरला नाही. तर्काच्या आणि चपळ आकलनाच्या पाठांचा मात्र टिकला. ‘मेंदू तल्लख’ करणारे खेळ विकणाऱ्यांनी हा भेद ग्राहकांना सांगायला हवा. तेथील अशाच एका कंपनीला २०१६ साली फसव्या जाहिरातींपायी वीस लाख डॉलर भरावे लागले.

विजेचे यंत्र आमच्या खेडोपाडी केव्हा पोहोचेल ते पोहोचो. नैराश्य आवरण्यासाठी मात्र यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. साठीच्या पुढील, मन खचू लागलेल्या १८१ जणांवर खुद्द गोव्यात झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांतील निम्म्यांना अडचणींतून वाट काढण्याची रीत शिकवली, झोपेची घडी बसवून दिली. वर्षभरात या गटात ४.४ टक्के लोकांना नैराश्याच्या विकाराने गाठले, इतरांत १४.४ टक्क्यांना. तो प्रयोग स्मृतीसाठी नव्हता, हे खरे. तरीही असा समुपदेशक प्रत्येक आरोग्य केंद्रात नेमण्यास सरकारला कोणती अडचण आहे, हे आरोग्यमंत्र्यांनी जनतेला सांगावे.