गल्लीतील औषधालय आणि रुग्णाचे हित

औषधाच्या दुकानाकडे आपण वाण्याच्या दुकानाकडे पाहावे तसेच पाहत आलो आहोत. चिठ्ठी पुढे करावी, पाकीट घ्यावे, पैसे मोजावे आणि चालू लागावे, एवढाच त्या देवघेवीचा अर्थ! फळीपलीकडचा मनुष्य औषधशास्त्र शिकलेला असावयास हवा, याची गिऱ्हाइकाला आठवण नसते. आणि दुर्दैवाने पुष्कळदा तो तसा नसतोही. रुग्णाच्या उपचारांची आखणी होताना फार्मासिस्टला कोणते स्थान असावे, हा प्रश्न म्हणूनच घरोघरच्या आजाऱ्यांच्या जीविताशी निगडित आहे.

एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाचे उदाहरण घ्या. हृदयविकारासाठी एका डॉक्टरांनी त्यांना रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावयास सांगितले आहे. पुढे गुडघे दुखू लागले म्हणून ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तेथे डायक्लोफेनॅक मिळाले. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी योग्य असतील. परंतु ही दोन औषधे एकत्र पोटात गेली की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि डायक्लोफेनॅकने रक्तदाबही चढू शकतो. अमलोडिपिन हे एकच औषध दोन वेगळ्या व्यापारी नावांनी दोन चिठ्ठ्यांवर आले, तर दुप्पट मात्रा घेतली जाते, ती निराळीच. एका डॉक्टरांना दुसऱ्यांची चिठ्ठी ठाऊक नसते. त्या सर्व चिठ्ठ्या एकत्र येण्याचा संभव असलेली जागा म्हणजे गल्लीच्या तोंडावरचे औषधालय. तेथे जाणता मनुष्य उभा असेल तर अनर्थ टळेल. नसेल तर तो अनर्थच पाकिटात घालून घरी धाडला जाईल!

कायदा याविषयी मुका आहे असे नाही. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे, असा दंडक १९४५ च्या औषध नियमांत आहे. १९४८ साली फार्मसी कायदा झाला. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी तर चिठ्ठी तपासणे, परस्परविरोधी औषधे हेरणे, औषध केव्हा व कसे घ्यावे, कसे ठेवावे, मात्रा चुकल्यास काय करावे हे रुग्णास समजावून सांगणे, ही फार्मासिस्टची कर्तव्येच ठरविली. मग उणीव कोठे आहे? प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि प्रमाणपत्राचा धनी भलत्याच ठिकाणी, या सर्वांना ठाऊक असलेल्या प्रकारात ती आहे. ज्ञान भाड्याने देता येत नाही. भाड्याने दिला जातो तो केवळ कागद.

इंग्लंडमध्ये २०११ पासून एक योजना चालू आहे. ठराविक दीर्घकालीन विकारांवर नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मासिस्ट बोलतो, काही दिवसांनी पुन्हा विचारपूस करतो, आणि या कामाचा मोबदला त्याला सरकारी आरोग्यसेवेकडून मिळतो. ३१ जानेवारी २०२४ पासून तेथे सात किरकोळ विकारांवर ठरलेल्या मर्यादेत उपचार करण्याची मुभाही फार्मासिस्टना मिळाली आहे. हे सारे आपण जसेच्या तसे उचलावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु सल्ल्याला स्वतंत्र मोल असते, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी खास आहे.

यावर डॉक्टरमंडळी शंका घेतील की, दुकानदारच वैद्य होऊन बसतील. ही भीती निराधार नाही. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणारी दुकाने आपण पाहतोच. त्यांना आळा घालण्यासाठीच काही औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही १ मार्च २०१४ पासून सक्तीची करावी लागली. शिवाय ज्याची मिळकत विक्रीवर अवलंबून, तो ‘हे औषध घेऊ नका’ असे कसा सांगेल, हाही प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे की, निदान करणे आणि औषध ठरविणे हा अधिकार डॉक्टरांचाच राहावा. फार्मासिस्टने पहारा करावा, शंका आली तर डॉक्टरांना विचारावे, आणि या पहाऱ्याचा मोबदला विक्रीपासून वेगळा असावा.

आरंभ साध्या गोष्टींपासून करता येईल. प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाजवळ एक औषधवही असावी. तीत प्रत्येक डॉक्टरांनी औषध लिहावे आणि फार्मासिस्टने ते पडताळावे. रुग्णालयातून घरी जाणाऱ्याच्या औषधांची यादी, त्याची संमती घेऊन, त्याच्या नेहमीच्या औषधालयाकडेही जावी. रक्तदाबाच्या गोळ्या न्यावयास रुग्ण महिनाअखेरीस आला नाही, हे सर्वांआधी फार्मासिस्टच्याच ध्यानात येण्यासारखे असते. ती बातमी डॉक्टरांपर्यंत पोचविण्याची वाट असावी. आणि सर्वांत आधी, दुकान उघडे आहे तोवर फार्मासिस्ट दुकानात आहे की नाही, हे शासनाने डोळ्यांत तेल घालून पाहावे.

वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. पुढच्या खेपेस औषध घेताना पैसे देऊन लगेच वळू नका. ‘येथे फार्मासिस्ट कोण?’ असे विचारा, घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवा आणि ही औषधे एकमेकांशी जुळतात का, ते पुसा. गिऱ्हाईक विचारू लागले की उत्तर देणारा मनुष्य दुकानात ठेवणे दुकानदारास भागच पडेल.